तिशीतले मुरूम आणि आपलं ताट

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुडाळजवळच्या एका गावात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कलमं मोहोरलेली दिसली. अजून तीन-चार महिने जाऊ देत, मग माझ्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येईल. मुलीबरोबर आलेली आई म्हणते, नाहीतर सुनेबरोबर आलेली सासू म्हणते, ‘कितीदा सांगितलंय हिका, आंबे खाव नको, तोंडार फोड येतले.’ मुलगी मान खाली घालून बसते. आता ही मुलगी काही १६ वर्षांची नसते. ३२ ची असते, ३८ ची असते. शाळेत शिकवते, पतपेढीत बसते, काजूच्या कारखान्यात जाते, घरी दोन मुलं आहेत. तरी हनुवटीवरच्या चार फोडांपायी तिला लहान मुलासारखं विचारलं जातं, काय खाल्लंस?

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचंय. खाण्याचा आणि मुरमांचा संबंध आहे, हे आधीच सांगते. पण आपण जिथे बोट ठेवतो तिथे तो फारसा नाही. आणि हा प्रश्न विचारून आपण बाकीचे महत्त्वाचे प्रश्न विचारायचे राहून जातो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मी यातून गेलेय. धाकट्याच्या बाळंतपणाला वर्ष झालं होतं, मी ३१ ची होते. जबड्याच्या कडेला आतून खोल, ठणकणाऱ्या गाठी यायच्या. कुशीवर झोपलं की उशी टोचायची. मी या विषयाची डॉक्टर, पण लग्नाकार्यात बायका जवळ येऊन हळूच ‘तेलकट बंद कर गो’ म्हणायला लागल्या, तेव्हा मीसुद्धा घाबरले आणि दोन महिने मासे आणि खोबरं सोडलं. फोड आपले येतच राहिले. ते कमी झाले ते नीट औषध चालू केल्यावर.

मुरूम होतो कसा, ते थोडक्यात सांगते. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. तिला तेल तयार करायला सांगतात ते अँड्रोजन गटातले हार्मोन. यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो, पण ते बाईच्या अंगातही असतात आणि असायलाच हवेत. तेल जास्त झालं, केसाच्या वाटेतल्या पेशी चिकटून तोंड बंद झालं, की आत एरवी निमूटपणे राहणारे जंतू वाढतात, सूज येते आणि फोड दिसतो. चाळिशीजवळच्या बाईची रक्ततपासणी केली तर बहुतेक वेळा हे हार्मोन नॉर्मलच येतात. रिपोर्ट हातात घेऊन ती विचारते, मग मला हे का? कारण ग्रंथीच जास्त हळवी असते. टेस्टोस्टेरॉन हा याच गटातला हार्मोन, रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा ती स्वतःच्या आत आणखी जोरकस रूपात बदल करून घेते. म्हणून रिपोर्ट चांगला आला म्हणजे ‘हार्मोनचं काही नाही’ असं होत नाही. पाळीच्या आधी आठवडाभर फोड उठतात, पाळी आली की बसतात, आणि येतात ते हनुवटीवर, जबड्यावर. तुमचं शरीर तुम्हाला दर महिन्याला सांगतंय, हे हार्मोनचं आहे.

आता खाणं यात कुठून येतं? साखर, मैदा, पांढरा भात असं पटकन पचणारं खाल्लं की रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तिला खाली आणायला इन्सुलिन येतं. इन्सुलिनचं काम तेवढ्यावर थांबत नाही. ते बीजांडकोशाला अँड्रोजन जास्त बनवायला लावतं. यकृतातून येणारं एक प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवत असतं, त्याचं प्रमाण इन्सुलिन कमी करतं. आणि आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक वाढवतं, तो तेलग्रंथीला थेट चेतवतो. जगात थोडी माणसं अशी आहेत ज्यांच्या शरीरात जन्मतःच आयजीएफ-१ जवळजवळ नसतं, त्या अवस्थेला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात. त्यांना सहसा मुरूम येत नाहीत, आणि उपचार म्हणून आयजीएफ-१ दिलं की येऊ शकतात. मला तर हा पुरावा फार बोलका वाटतो.

आमच्या पिढीच्या डॉक्टरांना मात्र कॉलेजात शिकवलं गेलं की आहाराचा काही संबंध नाही. त्याचं मूळ १९६९ सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात आहे. एका गटाला चॉकलेटची वडी दिली, दुसऱ्याला चॉकलेट नसलेली वडी दिली. फरक दिसला नाही. पण दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती! गूळपोळी आणि साखरेची पोळी यांची तुलना करून ‘गोडाने काही होत नाही’ म्हणावं, तसंच ते झालं. तरी पुढची तीस-पस्तीस वर्षं तेच प्रमाण मानलं गेलं.

२००२ साली एक वेगळा अभ्यास आला. पापुआ न्यू गिनी या देशात किटावा नावाचं बेट आहे. तिथल्या १२०० माणसांचे चेहरे डॉक्टरांनी तपासले. त्यात ऐन तारुण्यातली ३०० मुलं होती. एकालाही मुरूम सापडला नाही. आता ही माणसं खातात काय ते ऐका. रताळी, अळूचे आणि इतर कंद, फळं, नारळ आणि मासे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आजीची चूल आठवली. करांदे, कणगी उकडलेली, सुरण, ओलं खोबरं, पेडव्याचं तिखलं. ज्या खोबऱ्याला आणि माशाला आपण ‘उष्ण’ म्हणून पोरींच्या ताटातून काढतो, त्यावर तर ते अख्खं बेट जगत होतं.

थांबा, यावरून ‘आमचं जुनं सगळं चांगलं’ अशी टाळी वाजवू नका. त्या बेटावर साखर, मैदा, दूध जवळपास नव्हतं, माणसं दिवसभर राबत होती, त्यांची आनुवंशिकता वेगळी. यातल्या कशामुळे काय झालं ते असं वेगळं काढता येत नाही. म्हणून २००७ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग महत्त्वाचा. १५ ते २५ वयाची ४३ मुलं घेतली. अर्ध्यांना साखर हळू चढवणारा आहार १२ आठवडे दिला. त्यांचे फोड सरासरी २३ नी कमी झाले, नेहमीसारखं खाणाऱ्यांचे १२ नी. त्यांचं वजनही उतरलं, आणि ते सगळे पुरुष होते. म्हणजे दिशा दिसते, पण तिशीतल्या बाईला हेच लागू होईल असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत हेच म्हटलंय की आहाराबाबत ठोस शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. म्हणून ‘अमुक बंद करा, चेहरा स्वच्छ’ असं छातीठोक सांगणाऱ्या व्हिडिओवर तुम्ही विश्वास ठेवू नये असं मला कळकळीने वाटतं.

मग मी माझ्या पेशंटला काय सांगते? तीन दिवस जे तोंडात गेलं ते वहीत लिहायला सांगते. गेल्या महिन्यात एका वहिनींनी लिहून आणलं. मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं, पेन्सिलीने. त्यात जेवण अगदी साधं होतं, उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बांगडा. पण ‘चा’ हा शब्द एका दिवसात सहा वेळा होता. त्याच्यापुढे कधी खारी, कधी बटर, कधी दोन बिस्किटं. मी विचारलं, साखर किती? म्हणाल्या, दोन चमचे. सहा कप, बारा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती दिवसभराची कमाल मर्यादाच साधारण पन्नास ग्रॅमची. आणि घरच्यांनी त्यांचा बंद केला होता बांगडा! मी त्यांना बांगडा परत दिला. पेडवे, बांगडे यांत ओमेगा-३ नावाची चांगली चरबी असते. मी सांगितलं, चहा दोनवर आणा, साखर अर्धी करा, चारच्या खारीऐवजी मूठभर शेंगदाणे घ्या. सकाळी पाव-बटरऐवजी घावणे आणि उसळ, किंवा उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर काहीतरी प्रथिनं. उकडा तांदूळ पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा साखर हळू चढवतो, आपल्याकडे तो आहेच, फक्त पाहुण्यांसमोर ठेवायला कमीपणा वाटतो म्हणून मागे पडला.

दुधाचं थोडक्यात. दूध जास्त पिणाऱ्यांत मुरूम थोडे जास्त, असं मोठ्या पाहण्यांत दिसलंय, आणि विशेष म्हणजे साय काढलेल्या दुधात जास्त. चहातल्या घोटभर दुधाची चिंता करू नका. व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांना मात्र सांगते, पाठीवर आणि खांद्यावर अचानक फोड उठले असतील तर व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची पावडर महिना-दोन महिने बंद करून बघा. तिथे मला फरक पडलेला दिसतो.

आता मानेकडे या. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, काळपट मखमलीसारखा पट्टा असतो कित्येकींच्या. लिंबू घासतात, दगडाने घासतात, कातडं सोलवटून येतात. आया म्हणतात, मान नीट धुत नाही. ती घाण नसते हो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, म्हणून ते रक्तात वाढलंय, त्याची ती खूण असते. या पट्ट्याबरोबर हनुवटीवर राठ केस, पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाणं आणि मुरूम असं दिसलं तर पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाशी आणि हार्मोनशी संबंधित विकार, आहे का ते बघायलाच हवं. त्यासाठी रक्ताची तपासणी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना करतात. लग्न झालेलं नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेत नाहीत, असं अजूनही होतं. न्या. पुढे मधुमेह होईल की नाही, हा प्रश्न त्यात अडकलेला आहे.

आणि एक प्रश्न तर कुणीच विचारत नाही. तोंडाला काय लावतेस?

मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या. पदराने अर्धा चेहरा झाकलेला. पर्समधून रुमालात बांधलेली एक ट्यूब काढली. संपत आलेली टूथपेस्ट आपण गुंडाळतो तशी शेपटीकडून घट्ट गुंडाळलेली, नाव पुसून गेलेलं, टोपणाजवळ फक्त ‘१५ ग्रॅम’ एवढं वाचता येत होतं. शेजारणीने सांगितलं म्हणून दोन वर्षं रोज रात्री लावत होत्या. आधी मुरूम गेले, रंग उजळला. मग लावायचं चुकलं की चेहरा पेटायला लागला, दुप्पट फोड आले, गालांवर लाल बारीक शिरांची जाळी आणि ओठांवर लव. ते स्टेरॉइडचं मलम होतं. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत टाकली, तरी ती मागितली की मिळतात. त्या ताईंना सावरायला आठ महिने लागले. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात अशी ट्यूब असेल तर रागावणार नाही, मला नुसती आणून दाखवा. एकदम बंद करू नका, त्यानेही चेहरा भडकतो.

खोबरेलाचंही सांगते. खोबरं पोटात गेलं तर त्याने फोड येत नाहीत. पण रोज डोकं चापून तेल लावून झोपलं की ते कपाळावर, उशीच्या अभ्र्यावर उतरतं, आणि चेहऱ्याच्या छिद्रांना खोबरेल मानवत नाही. धुण्याआधी तास-दोन तास लावा. आणि कपाळावर, छातीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर तो बहुतेकदा घामाच्या दिवसांत वाढणाऱ्या यीस्टचा त्रास असतो. त्यावर मुरमांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर तो उलट वाढतो.

औषधं आहेत, आणि चांगली आहेत. ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड ही लावायची. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. हार्मोनच्या मुरमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची रक्तदाबाची जुनी गोळी वापरतात. २०२३ साली ब्रिटनमधल्या ४१० स्त्रियांवरच्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर ८२ टक्के जणींना फरक वाटला, खोटी गोळी घेणाऱ्यांत ६३ टक्क्यांना. ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, आणि आयसोट्रेटिनॉइन या तीव्र मुरमांवरच्या गोळीच्या बाबतीत तर मुळीच नाही, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका.

(श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं, ‘मग आंबो खावचो की नाय?’)

खायचा, आजी. तुम्ही अनुभवाने सांगता ते अगदीच खोटं नाही. मे महिन्यात घाम असतो, उकाडा असतो, त्यात साखर घातलेला आमरस वाटीवर वाटी होतो. शिवाय आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या देठाच्या चिकाने ओठांभोवती फोड येतात, जळजळतात, आणि आपण त्यांना उष्णतेचे मुरूम म्हणतो. तेव्हा आंबा तासभर पाण्यात ठेवा, देठाकडून कापून चीक वाहू द्या, साल दातांनी ओढू नका, चिरून खा, जेवणाबरोबर एक. आणि नातीला बाजूला बसवून तिलाही एक द्या.