पर्सेंटाइलची रांग

मंडळी, फलकावर आजचा विषय लिहिलाय: ‘सीईटीचा स्कोअर आणि प्रवेशाची शक्यता’. सीईटी म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्यात होणारी सामायिक परीक्षा. शक्यतेकडे येतोच. पण आधी एक प्रसंग सांगतो, कारण दरवर्षी पालकांची गाडी त्याच एका शब्दापाशी अडते. पर्सेंटाइल.

एका वर्षी निकालानंतर एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात स्कोअरकार्डची घडी, तिच्या पाठकोऱ्या बाजूला पेनानं केलेला हिशेब. म्हणाले, “सर, फिजिक्स 94, केमिस्ट्री 71, गणित 90. सरासरी 85 येते. खाली मात्र 88 छापलंय. चुकून जास्त पडलेत. नंतर काढून घेतील का हो?” कार्डावर दशांशानंतर सात आकडे असतात, ते मी सोडून सांगतोय.

हसू नका. त्या माणसाला रात्रभर झोप नव्हती. फुकटचे तीन पदरात पडले म्हणून खूश होण्याऐवजी, ते आपले नाहीत या काळजीनं तो आला होता. इतक्या सरळ माणसाला तो कागद समजावून सांगणारं कोणी भेटलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो. परीक्षा घेता, फी घेता, मग निकालाचा अर्थही दोन ओळींत लिहा ना!

मी टेबलावर खडू मांडले. फिजिक्सचे 94 म्हणजे गुण नव्हेत. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते; हिच्या सत्रात बसलेल्या दर शंभर मुलांमागे 94 जण हिच्या बरोबरीला किंवा मागे, इतकाच त्याचा अर्थ. प्रत्येक विषयाची रांग वेगळी लागते आणि एकूण 200 गुणांवर चौथी रांग नव्यानं लागते. फिजिक्सला हिच्या पुढे असलेली मुलं गणितात मागे पडलेली असतात, केमिस्ट्रीत पुढे गेलेली भलतीच असतात. त्यामुळे चौथ्या रांगेतली जागा पहिल्या तिन्हींच्या सरासरीवरून काढताच येत नाही. शिवाय फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मं वजन एकट्या गणिताचं! मुलगी इतका वेळ गप्प होती. तिनं एक खडू उचलून पुढे सरकवला आणि म्हणाली, “बाबा, ही मी.” वडिलांनी विचारलं, “म्हणजे 88 हिचेच?” म्हटलं, हिचेच.

‘आमची शिफ्ट, म्हणजे आमचं सत्र, अवघड होतं’ या तक्रारीचं उत्तरही इथंच आहे. तुलना त्याच सत्रातल्या मुलांशी होते. पेपर अवघड गेला तर सगळ्यांनाच गेला.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुख्य मुद्दे भराभर घेतो.

सोयीसाठी धरू की पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित या गटाला तीन लाख मुलं बसली. मग एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार मुलं. 88 वाल्या मुलीच्या पुढे साधारण छत्तीस हजार, 99 वाल्याच्या पुढे तीन हजार. म्हणून ‘एकानंच हुकलं’ असं म्हणू नका, त्या एकात तीन हजार जण उभे असतात. आणि बसलेल्यांची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून गेल्या वर्षीचा कट-ऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश कुठे थांबला ते, बघताना पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही, म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांकही बघा. तोही कॉलेज, शाखा, प्रवर्ग आणि प्रवेशाची फेरी, चारही जुळवून. एकाच कॉलेजात कॉम्प्युटर आणि सिव्हिल यांत केवढी दरी असते!

बारावीला विसरू नका. खुल्या प्रवर्गाला पीसीएममध्ये 45 टक्के, राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतातच. ते नसतील तर सीईटीचा स्कोअर उपयोगाचा नाही.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेज-शाखांची क्रमवार यादी. पसंतीक्रम आवडीनं लावा, भीतीनं नको. वरचं कॉलेज मिळालं नाही तर खालच्यावरचा हक्क जात नाही, तुमच्या मेरिट नंबरनुसार यादी वरून खाली तपासली जाते. मात्र 2025च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना लागू, तिसरीत पहिल्या सहांना. म्हणजे नको असलेलं कॉलेज नुसतं ‘सेफ’ म्हणून वर टाकलंत तर तिथंच जावं लागेल. आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका आली की हे कलम आधी वाचा.

स्कोअरकार्ड आणलेल्यांनी इथंच थांबा. खडू आहेत माझ्याकडे.