राणी ठरवत नाही

महाबळेश्वरच्या खालचं मांघर, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. हिरड्याच्या फांदीला तो तपकिरी घोस लटकलाय ना, लांबून फणसच वाटतो, त्या सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाशा आहेत, काही हजार, जुन्या राणीला घेऊन मोहोळातनं बाहेर पडल्यात. आता प्रश्न एकच, राहायचं कुठं?

आपल्याला वाटतं राणी हुकूम सोडत असणार. कसलं काय, ती आत गपगार बसलेली, घर बघायला जातपण नाही. जातात त्या अनुभवी कामकरी माशा, कुणी झाडाची ढोली बघते, कुणी बांधातली कपार, आत चालत फिरून जागा केवढी आहे ते बघायचं आणि परत येऊन घोसावरच नाचायचं. नाच म्हणजे पत्ताच, पोट थरथरवत सरळ वर चालली तर जागा सूर्याच्या दिशेला, तिरकी चालली तर सूर्यापासनं तेवढीच तिरकी.

माशा घरासाठीपण नाचतात हे कळलं कसं तर १९४९ साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये मधमाशांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना घोसावर नाचणाऱ्या माशा दिसल्या, पण अंगाला पराग नाही, काजळी आणि विटेची धूळ! युद्धात पडलेल्या शहरातली धुराडी आणि पडक्या भिंती बघून आल्या होत्या त्या.

सुरुवातीला बऱ्याच जागांचे पत्ते नाचले जातात. जागा भारी असेल तर नाच लांबतो, पण बाकीच्या नुसतं ऐकून हो म्हणत नाहीत, स्वतः जाऊन बघून येतात. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की प्रत्येक फेरीला नाच आखडत जातो आणि शेवटी माशी गप्प बसते, जागा कितीही बेस्ट असो. आमच्या पारावर एकच माणूस तोच मुद्दा वीस वर्षं लावून धरतो, असो.

मतमोजणी घोसावर होतच नाही, ती त्या नव्या जागेपाशी. अमेरिकेतले मधमाशांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशांवर हे मोजलं, एका वेळी वीस-तीस जणी तिथं जमल्या की ठरलं, मग त्या परत येऊन गर्दीत घुसतात, बारीक पीं पीं करतात, सगळ्या उडायचे स्नायू तापवतात आणि घोस सुटतो. घर बघितलेल्या थोड्याच, त्या वरनं सरळ सुसाट जातात, बाकीच्या मागनं.

इथं आपले मधपाळ काका आतनं मेण चोळलेली रिकामी पेटी मांडून सकाळपासनं उकिडवे बसलेत. दाराशी बोट करून मोजतायत.

"अकरा झाल्यात. गप बसा जरा."