एमजीए: एका डायनामोची नाशिकमधली दुरुस्ती

वडाळा नाक्याजवळच्या एका लहानशा गाळ्यात, तेलाने काळ्या पडलेल्या लाकडी पाटावर, एक जड डायनामो, म्हणजे गाडीची बॅटरी भारणारे जनित्र, उघडून ठेवलेला आहे. त्याच्या कवचावरची अक्षरे मळाने बुजून गेली होती. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने पुसल्यावर ‘लुकास’ हे ब्रिटिश कंपनीचे नाव आणि त्याखाली ‘सी ३९’ एवढे वाचता आले.

हा डायनामो एमजीए या दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा १ लाखाहून थोड्या अधिक मोटारी तयार झाल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य परदेशी, त्यातही अमेरिकेला गेल्या. भारतात त्या मोजक्याच आहेत. गुजरातमधील हालोल येथे आज बनणाऱ्या गाड्यांवर एमजी हेच नाव असले, तरी त्यांचा एकही विद्युत भाग या मोटारीला चालत नाही.

चालतो तो अ‍ॅम्बेसेडरचा. पहिल्या एमजीएचे १४८९ सीसीचे इंजिन आणि आपल्याकडे टॅक्सी म्हणून लाखो मैल धावलेल्या अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन ही एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी सीरिज’ घराण्यातली भावंडे आहेत. शिवाय १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली आणि लुकास पद्धतीचे डायनामो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) भारतातच बनू लागले. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर किंवा डायनामोचे कार्बन ब्रश यांच्यासाठी विलायतेकडे पाहण्याआधी पुण्याच्या नाना पेठेत किंवा नाशिकमधल्याच एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर शोध घेणे शहाणपणाचे ठरते. जुना भाग सोबत न्यावा आणि त्यावर ठोकलेला क्रमांक ताडून पाहावा, कारण दिसायला सारखे असलेले दोन रोटर उंचीला सारखे असतीलच असे नाही. सात इंची गोल हेडलाइट तर कुठेही मिळतो. मात्र अमेरिकेहून मागवलेला हेडलाइट घेऊ नये. तो उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेला असतो आणि आपल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश टाकतो.

पण बाजारात जाण्याची घाई करू नये, हेच या चित्रफितीत आम्हाला मुख्यतः सांगायचे आहे. लुकासच्या विद्युत सामानाची जगभर थट्टा होते आणि ती आम्हाला अन्यायाची वाटते. साठ-पासष्ट वर्षे वापरलेल्या गाडीत बिघाड बहुधा यंत्रात नसतो, तो जोडात असतो. या गाडीचे उदाहरण पाहा. सेल्फ मंद फिरतो म्हणून तो बदलण्याचा सल्ला मालकांना मिळाला होता. या गाळ्यातल्या वायरमन काकांनी सेल्फला हात न लावता आधी चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या खटक्याची) केबल चाचपली, तर ती कढत झाली होती. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. त्याला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी गंजून तुटली, की सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीची वाट शोधत चोकच्या बारीक केबलमधून जातो. पट्टी नवी घातली, चासीवरचा रंग घासून लखलखीत लोखंड उघडे केले, आणि तोच जुना सेल्फ जोमाने फिरू लागला.

वायरिंगही असेच समजून घ्यावे लागते. मूळ तारांवर सुताचे विणलेले आवरण असते आणि त्यावरचा रंग उन्हाने, तेलाने उडून जातो. काकांनी एका जोडावरची रबरी नळी अलगद मागे सरकवली; तिच्याखाली अर्धा इंच सूत अजून तपकिरी होते. लुकासच्या रंगसंकेतात तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे फ्यूजमधून पुढे गेलेली, आणि काळी म्हणजे ‘अर्थ’ची, चासीला जोडलेली. या गाडीत फ्यूज दोनच आहेत. हेडलाइट आणि इग्निशन यांना फ्यूज नाही. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ हा आकडा असतो, पण ३५ अँपिअरला तो वितळतो. सतत सोसण्याची त्याची क्षमता साधारण निम्मीच असते. म्हणून सतत ३५ अँपिअर सोसणारा फ्यूज तिथे बसवला, तर फ्यूजच्या आधी तार जळेल. ही चूक आम्ही एकाहून अधिक गाड्यांत पाहिली आहे.

आता पुन्हा डायनामोकडे वळू. त्याचे ब्रश झिजून गेले आहेत आणि कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, काळ्या रेषा उमटल्या आहेत. “साहेब, नवीन शोधू नका, याचं तांबं अजून चांगलं आहे,” असे काका मालकांना म्हणाले. आर्मेचर, म्हणजे डायनामोचा फिरणारा गाभा, लेथवर अगदी हलके कापून घेतल्यावर त्यांनी घासून पातळ केलेले हॅकसॉचे पान हातात घेतले आणि तांब्याच्या दोन पट्ट्यांमधला अभ्रक एकेक करून खाली कोरला. अभ्रक तांब्याहून कठीण असल्यामुळे तो वर राहिला, तर ब्रश त्यावर उड्या मारतात आणि ठिणग्या पडतात. या कामाला पाऊण तास लागला. त्या वेळात कोणी काही बोलले नाही.

एमजीएमध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते, आपल्या आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या नव्या कॉइलवर धन-ऋण खुणा असतात. या गाडीत धन खुणेची तार डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवी, नाहीतर ठिणगी दुबळी पडते. दुरुस्त केलेला डायनामो बसवल्यावर, त्याच्या ‘एफ’ टोकाची तार सोडवून, तिथे बॅटरीचा जिवंत प्रवाह क्षणभर टेकवला जातो. त्याने डायनामोच्या लोखंडातील चुंबकत्व योग्य दिशेने बसते. डायनामोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआऊटचे पॉइंट १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जुळायला हवेत; काकांच्या मीटरने १३ दाखवले आणि त्यांनी स्क्रूला हात लावला नाही.

एक वस्तू मात्र इथे मिळाली नाही. अ‍ॅम्बेसेडरचा पेट्रोल पंप इंजिनावर चालतो, एमजीएचा एसयू पंप विजेवर; त्याचा पडदा कडक झाला होता आणि तो इंग्लंडहूनच मागवावा लागला.

चावी फिरते. आसनांच्या मागून पंपाची टकटक भराभर ऐकू येते, कार्ब्युरेटर भरत जातात तशी ती संथ होते आणि थांबते. डायनामो बॅटरी भारत नसल्याचे सांगणारा लाल दिवा डॅशबोर्डवर लागलेला आहे. मालक सेल्फचा खटका ओढतात, इंजिन पकडते. काका वाकून चोकची केबल चाचपतात; ती गार आहे. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला जातो आणि लाल दिवा मंद होत होत विझतो.