गुडघ्यांवर रांगत, पाच हजार वर्षे मागे

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॉटलंडच्या पार उत्तरेला केथनेस नावाचा प्रदेश आहे. झाडे नावाला, बाकी सगळी दलदल आणि वारा. लिब्स्टर गावाजवळून आत वळणाऱ्या रस्त्याने सातआठ किलोमीटर गेले, की ओसाड माळावर करड्या दगडांच्या राशी दिसतात. या कॅम्स्टरच्या समाध्या. नवाश्मयुगातल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या. धातू ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी रचलेल्या.

फळ्यांच्या पायवाटेने मी गोल समाधीपाशी पोचले. दार इतके बुटके, की वाकूनही भागत नाही. सहा मीटरचा बोळ गुडघ्यांवर रांगत जायचा, कोपरे दगडाला घासत. आणि मग एकाएकी ताठ उभे राहता येते! आपल्या शहाबादी फरशीसारखे चपटे दगड, चुन्याविना रचलेले. वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा आत सरकवत छत मिटवत आणलेले. उजेडासाठी अलीकडे वर झरोका केला आहे, तेवढाच. बाहेर घोंघावणारा वारा आत ऐकूसुद्धा येत नाही. मी भिंतीला हात लावून कितीतरी वेळ उभी होते.

मला विलक्षण वाटला तो बोळ. नुसते पुरायचेच असते, तर आत जायची वाट कशाला ठेवली असती? आपल्या माणसांकडे पुन्हा यायचे होते त्यांना, असेच मला वाटते. शेजारची लांब समाधी तर साठ मीटरांहून मोठी. आधीच्या दोन समाध्या पोटात घेऊन ती बांधली आहे.

तिथे मला नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आठवले. हे मूळचे स्कॉटलंडचेच. 1863च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती मांडलेली धोंड्यांची वर्तुळे, पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. विदर्भातली ही वर्तुळे लोहयुगातली, म्हणजे कॅम्स्टरहून दोन-अडीच हजार वर्षांनी तरी धाकटी. दोन्हींचे नाते जोडू नये. पण मेलेल्या माणसासाठी एवढाले धोंडे वाहून आणणारे हात इथेही होते. शेताच्या बांधासाठी, रस्त्यासाठी यातले दगड उचलले जातात, तेव्हा जीव तुटतो.

नागपूरहून काटोल रस्त्याने जाल तेव्हा जुनापाणीला थांबा. तिथेही अशी शिळावर्तुळे आहेत. सकाळी लवकर जा. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. तिरप्या उन्हात ते नीट दिसतात.