काकवी तिखटात घालायची असेल तर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘काकवीचा गोड-तिखट सॉस, घरच्या घरी’. ज्या ताई वही-पेन काढून बसल्या आहेत त्यांना सॉस मिळणार आहे. पण सॉस सांगायला दहा मिनिटं पुरतात आणि काकवी सांगायला तास कमी पडतो, म्हणून आधी काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीच उतरवलेला उसाचा आटलेला रस. सॉस बिघडला की लोक मिरचीला बोल लावतात, चिंचेला लावतात. बहुतेक वेळा बिघाड त्याच्या आधीचा, काकवीतला असतो.

खान्देशाला काकवी नवी नाही. शहाद्याकडचा तापीकाठ घ्या, चाळीसगाव-भडगावकडचं गिरणेचं पाणी घ्या, पांझरेवरचे फड, म्हणजे एका पाटावरचे शेतांचे गट, घ्या. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फिरवायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि त्या फेरपालटात ऊस असायचा. ऊस आला की गुऱ्हाळ आलं, गुऱ्हाळ आलं की काकवी आली. आपण तिला भाकरीशी खाल्ली, पोळीशी खाल्ली आणि कायमची गोडाच्या बाजूला बसवून ठेवली. हे मला पटत नाही. साखर नुसती गोड असते. काकवीत गोडाबरोबर उसातले क्षार असतात, किंचित खारटपणा असतो, मागे जरासा तुरटपणा असतो आणि खरपूस वास असतो. लसूण-मिरचीसमोर टिकते ती ही चव. साखरेच्या पाकात ठेचा कालवून बघा, आधी गोड लागतं, मग तिखट लागतं, दोन्ही आपापल्या जागी. काकवीत ते एकमेकांत मुरतं.

आता माझी तक्रार. पाककृती वाचताना ‘मोलॅसिस म्हणजे काकवी’ असं वाक्य कितीदा तरी भेटतं. हे चूक आहे, आणि निरुपद्रवी चूक नाही. साखर कारखान्यात रसातून साखरेचे दाणे पुन्हा पुन्हा काढून घेतले की शेवटी जे काळं, कडवट, दाट द्रव उरतं ते मोलॅसिस, आपल्याकडची मळी. ती मद्यार्काला जाते, गुरांच्या खाद्याला जाते. काकवीतून काहीच काढून घेतलेलं नसतं. सगळा रस, फक्त पाणी आणि मळ गेलेला. संस्कृतात तिला फाणित म्हणत. आयुर्वेदात उसाच्या पदार्थांचा क्रम लावलाय तो फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा असा. म्हणजे तिला स्वतःचं नाव होतं, स्वतःची जागा होती. आणि आपण तिला कारखान्याच्या उरलेल्या मालाचं नाव देतो!

गोंधळाचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. गुऱ्हाळावर रस तापला की वर जो हिरवट-काळा फेस येतो त्यालाही मळीच म्हणतात. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, ‘मळी काढ’ म्हणतो तेव्हा तो हा फेस काढायला सांगत असतो. एक मळी वरची, एक मळी कारखान्यातली. दोन्ही काकवी नव्हेत.

तिसरी एक वस्तू काकवी म्हणून पुढे येते, ती म्हणजे पाण्यात विरघळवलेला गूळ. तिच्यावर माझा राग नाही, अडीनडीला मी तीही चालवून घेईन, प्रमाण पुढे सांगतो. पण गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवलेला असतो. काकवी १०५-१०६ ला उतरते. त्या बारा-तेरा अंशांत रसाचा वास बदलतो. काकवीत ओला, हिरवट, ताज्या उसाचा वास शिल्लक असतो. बाटलीचं झाकण उघडून नाक लावा, कळतं.

गुऱ्हाळ जवळ नसेल तर काकवी घरी करता येते. रसवंतीवरून ४ लिटर रस आणा, पण सांगून आणा: आलं नको, लिंबू नको, बर्फ नको. आंबटाने उकळताना साखर फुटते, म्हणजे तिच्या साध्या साखरा होतात, आणि काकवी आंबूस, काळपट होते. रस आणला की दोन तासांत गॅसवर चढला पाहिजे. उभ्या रसात जंतू लगेच कामाला लागतात, साखरेचा चिकट डिंक करतात, मग काकवी चमच्यातून धार न धरता तार ओढत लोंबते. तशी काकवी फेकावी लागते, कितीही उकळली तरी सुधारत नाही.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं, रसाच्या दुप्पट मापाचं. रस मलमलीतून गाळून घ्या. मंद आचेवर ठेवा आणि ढवळू नका, ढवळलं की मळ पुन्हा आत जातो. गुऱ्हाळावर रानभेंडीचं खोड ठेचून त्याचं बुळबुळीत पाणी टाकतात. घरी सहा-सात साध्या भेंड्या चिरून पेलाभर पाण्यात चोळा, गाळा आणि रस कोमट झाला की ते पाणी सोडा. त्या बुळबुळीत धाग्यांत बारीक मळ अडकतो आणि सगळा वर येतो. उकळी फुटायच्या आधी साय येते तसा जाड थर जमतो. झाऱ्याने एका कडेला लोटून उचला. हा थर उकळीत फुटू दिला तर काकवी कायमची गढूळ राहते आणि मागाहून कडवट लागते. घाई करणाऱ्यांची काकवी इथेच जाते.

मग आच वाढवा. रस भराभर आटतो, हळूहळू सोनेरी होतो आणि शेवटी शेवटी फुगतो. पिवळा फेस काठापर्यंत चढतो. शेंगदाणा तेलाचे चार थेंब टाकले की बसतो. इथून पुढे समोरून हलायचं नाही. थर्मामीटर असेल तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, तो जे दाखवेल त्याच्या सहा अंश वर काकवी उतरवा. नसेल तर वजनकाटा घ्या. रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवा. गोड उसाचा ४ लिटर रस आटून साधारण १ किलोवर आला की काकवी झाली. गरम असताना ती पातळच दिसते आणि इथे लोक फसतात. ‘अजून जरा’ करत ११० पर्यंत गेली की गार झाल्यावर बुडाशी रवा बसतो. उलट लवकर उतरवली तर पाणी जास्त राहतं आणि आठवड्याभरात बुडबुडे येऊन आंबते. उतरवल्यावर किलोला १ चमचा लिंबाचा रस घाला, रवा धरत नाही. आधी लिंबू नको म्हटलं होतं, आता हवं. रस आटताना तास-दीड तास आंबट शिजणं वेगळं आणि शेवटी चमचाभर पडणं वेगळं.

हो, चिठ्ठी मिळाली, दहा मिनिटं उरलीत. लिहून घ्या.

काकवी २५० ग्रॅम. चिंच ६० ग्रॅम. सुक्या लाल मिरच्या १२ ग्रॅम, त्यात रंगासाठी बेडगी दोन भाग आणि तिखटासाठी लवंगी एक भाग. सोललेला लसूण २० ग्रॅम. शेंगदाणा तेल १ मोठा चमचा. मीठ ८ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा. भाजलेल्या जिऱ्याची पूड १ छोटा चमचा, सुंठ अर्धा. व्हिनेगर २ मोठे चमचे. काकवी नसेल तर १८० ग्रॅम चिरलेला गूळ ७० मिलिलिटर पाण्यात विरघळवून गाळून घ्या, न गाळता वापरलात तर दाताखाली कचकच येईल.

चिंच १५० मिलिलिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, कोळ गाळा. बिया काढलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, लसणाबरोबर गंधासारख्या वाटा. तेल कोमट असतानाच वाटण टाका आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. लसूण लाल होऊ देऊ नका, तो कडूपणा काकवीने झाकत नाही, उलट वाढतो. मग कोळ, मीठ, जिरं, सुंठ घालून पाच मिनिटं उकळा. चिंचेचा कच्चा वास इथेच गेला पाहिजे.

काकवी सगळ्यांत शेवटी. हा नियम मोडू नका. काकवीतल्या फुटलेल्या साखरा लवकर करपतात, आणि लसणाबरोबर जास्त वेळ शिजल्या तर सॉस काळा, जळका होतो. आच बारीक, सहा-सात मिनिटं, बूड खरवडत ढवळा. बशी फ्रिजमध्ये ठेवलेली असू द्या. तिच्यावर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. दोन्ही काठ लगेच मिळाले तर अजून एक मिनिट, रेघ उभी राहिली तर गॅस बंद. मग व्हिनेगर. एकूण साडेचारशे ग्रॅमच्या आसपास सॉस होतो.

लोखंडी कढई इथे नको, चिंच लोखंड खाते आणि सॉसला गंजाची चव येते. कल्हई नसलेलं पितळ तर मुळीच नको. कॉर्नफ्लोअर घालू नका, दोन दिवसांत पाणी सुटतं. गार झाल्यावर फारच घट्ट झाला तर गरम पाणी चमचाचमचाने घाला आणि एक उकळी द्या.

कुणीतरी मागून विचारतंय, कशाबरोबर खायचा? फुनक्यांबरोबर, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांबरोबर खा, भज्यांबरोबर खा, भाजलेल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर लावा. कच्च्या केळ्याचे काप तळून त्यांच्यावर गरम सॉस घोळवा, जळगावकरांनी तर हे करायलाच हवं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरीशीही जमतो, वर कच्चं शेंगदाणा तेल घेतलं की. भरताला मात्र लावू नका, भाजलेल्या वांग्याचा धुराचा वास याच्यात बुडतो.

आणि लसणामुळे हा सॉस बाहेर ठेवू नका. काचेची बाटली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून कोरडी करा, गरम सॉस भरा, गार झाला की फ्रिजमध्ये. कोरडा चमचा वापरलात तर महिनाभर चालतो. चिंच आणि व्हिनेगर त्यात चवीइतकेच टिकण्यासाठी आहेत, म्हणून आंबट नको म्हणून ते कमी करणार असाल तर सॉस आठवड्यात संपवा.