कपडा शिवला कोणी? ख्रिस्ती समाजवाद आणि कोकणातलं शेतकरी घर

(वसईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ख्रिस्ती समाजवाद, म्हणजे येशूची शिकवण मजुरीच्या आणि धंद्याच्या प्रश्नांना लावणं, असं म्हटलं की दोन्हीकडची माणसं बिचकतात. देवळातल्यांना, म्हणजे चर्चवाल्यांना, समाजवाद नको असतो आणि समाजवाद्यांना देऊळ. त्यात आज फॅशन आणि शेतीही जोडली आहे, म्हणजे गोंधळात भर. पण या चळवळीने कामाला पहिला हात घातला तो कपड्यालाच, म्हणून सुरुवात तिथून करू.

१० एप्रिल १८४८ रोजी लंडनमध्ये मताधिकार मागणाऱ्या कामगारांची, म्हणजे चार्टिस्टांची, मोठी सभा झाली. त्या दिवसांत तीन माणसं एकत्र आली आणि त्यांच्यातून ख्रिस्ती समाजवादाची चळवळ उभी राहिली. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक. जॉन माल्कम लडलो हे वकील, आणि त्यांचा जन्म आपल्या इथल्या नीमचचा. तिसरे चार्ल्स किंग्जली, हॅम्पशायरमधल्या एव्हर्सली या खेड्याचे धर्मगुरू. १८५० साली किंग्जलींनी टोपणनावाने एक पत्रक काढलं. विषय काय, तर स्वस्त तयार कपडे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने आदल्याच वर्षी लंडनच्या शिंप्यांच्या मुलाखती छापल्या होत्या, त्यातला मजकूर त्यांनी घेतला.

त्या धंद्याची रचना अशी होती. दुकानदार काम मध्यस्थाला देई, मध्यस्थ ते आणखी खालच्याला देई, आणि प्रत्येक पायरीवर मजुरीतून काही कापलं जाई. शिंपी मध्यस्थाच्याच खोलीत राहत, तिथेच जेवत, आणि भाडं-जेवण मजुरीतून वळतं होई. स्वतःचा कोट गहाण पडलेला असे. बाहेर जायचं झालं तर खोलीत एकच जुना कोट ठेवलेला असे, तो पाळीपाळीने अंगात घालून माणूस रस्त्यावर जाई. दिवसभर दुसऱ्यांचे कोट शिवणाऱ्या माणसांची ही गत. थंडीत शिवायला आलेलेच कोट आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण म्हणून पडत, आणि मग तो ताप कोटासकट गिऱ्हाइकाच्या घरी जाई. सगळ्यांत वाईट दर सरकारी ठेक्यांत मिळत, कारण लष्कराचे आणि पोलिसांचे गणवेश ज्याची निविदा सर्वांत कमी त्याच्याकडे जात.

त्याआधी धर्मोपदेशक कपड्यांबद्दल बोलत ते नटण्यामुरडण्याविरुद्ध. बायकांनी साधं राहावं, झालं. किंग्जलींनी बोट नटणाऱ्या बाईकडून काढून हिशेबाच्या वहीवर ठेवलं. साधा, मळखाऊ, स्वस्त कोटसुद्धा पापाचा असू शकतो, आणि तो कितीला पडला यावरूनच ते कळतं, हा त्यांचा मुद्दा. माझ्या मते या चळवळीतली टिकाऊ गोष्ट हीच. बाकी त्यांच्या लिखाणात पुष्कळ भाबडेपणा आहे, आणि किंग्जलींच्या भाषेत ज्यूंबद्दलचा द्वेषही आहे, तोही झाकून ठेवायचं कारण नाही.

१८५० सालीच या मंडळींनी लंडनमध्ये शिंप्यांची सहकारी संस्था उभी केली. भांडवल हितचिंतकांचं, कारखाना कामगारांचा, मध्यस्थ नाही. पाठोपाठ आणखी संस्था निघाल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक मोडल्या. भांडवल पुरेना, व्यवस्थापन येईना, सभासदांची आपसांत भांडणं. शिल्लक राहिला तो कायदा. अशा संस्थांना कायदेशीर अस्तित्व देणारा १८५२ चा इंग्लंडचा कायदा याच मंडळींच्या खटपटीतून आला.

पुढच्या पिढीत पर्सी डिअर्मर नावाच्या धर्मगुरूंनी १८९९ मध्ये आपल्याच व्यवसायाला टोचलं: वेदीपुढे उभा राहणारा धर्मगुरू अंगात जो झगा घालतो, तोही पिळवणुकीच्या कारखान्यातला असतो. नुसतं टोचून ते थांबले नाहीत. १९१२ मध्ये वॉरहॅम गिल्ड काढून त्यांनी चर्चची वस्त्रं रास्त मजुरीवर शिवून घ्यायला सुरुवात केली.

हे सगळे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे. आपण कॅथलिक लोक या दाराने आलो नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात समाजवाद नाकारला, पण त्याच लिखाणात रास्त मजुरी आणि कामगारांच्या संघटना यांची बाजू घेतली. नाव वेगळं, पण कामाची दिशा बरीचशी तीच. आपल्याकडे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९१२ मध्ये तो पतपुरवठ्यापलीकडच्या संस्थांना लागू झाला, आणि १९१८ मध्ये धर्मगुरू मॉन्सेन्यर मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत (जुनं इंग्रजी नाव बॅसीन) बॅसीन कॅथलिक बँक उभी राहिली. केळी, पानवेली आणि फुलं पिकवणाऱ्या माणसाला सावकाराच्या दारात जावं लागू नये, हा त्या काळच्या सहकाराचा रोख होता.

आता शेतकरी घरातल्या कपड्याकडे येऊ. शहरातला माणूस म्हणतो, गावची माणसं साधी, त्यांना फॅशनचं काय! हे साफ चूक. शेतकऱ्याचा कपड्याबद्दलचा दृष्टिकोन साधेपणातून येत नाही, तो पावसातून, मातीतून आणि पैसा हातात कधी येतो त्यावरून येतो.

डागाचंच घ्या. केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. हवा लागली की तो तपकिरी होतो आणि सुती धाग्याला धरून बसतो. बाई घरी येऊन गरम पाण्यात साबण लावते तोवर डाग पक्का झालेला असतो. ओला असतानाच गार पाण्यात खळखळून काढला तर काही जातो, एकदा वाळला की जात नाही. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात तांबडी माती. तिच्यातलं लोह सुती कापडात शिरतं, ब्लीचने ते निघत नाही, उलट कापड कुजतं. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं तर फिकं होतं इतकंच. आता इकडे वसईतल्या कुपारी, म्हणजे इथल्या कॅथलिक शेतकरी समाजातल्या, बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं पाहा. ते डागासाठीच निवडलं असा दावा मी करणार नाही, पण बागेत ते डाग पचवतं, हे खरं. उलट पांढरी खादी घ्या. कोकणाने नाथ पै, मधू दंडवते असे समाजवादी खासदार निवडून दिले आणि पांढऱ्या खादीला मान दिला. ती खादी रोज पांढरी ठेवायला विहिरीवर कोण बसलं, हा प्रश्न सभेत क्वचितच निघाला.

मग पाऊस. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाई दिवसभर कमरेतून वाकलेली असते, पाय पोटरीपर्यंत चिखलात. म्हणून काष्टा, म्हणून लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं कामट्यांचं आणि पानांचं इरलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सुती कापड. ते भिजलं की जड होतं आणि जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही, आंबूस वास मारतं, बुरशीचे काळे ठिपके पडतात. नायलॉन, पॉलिएस्टर आलं तेव्हा बायकांनी ते उचललं ते यासाठी: रात्री वलणीवर टाकलं की सकाळी कोरडं. त्याला शहराची नक्कल म्हणणाऱ्याने जुलैत दोन लुगड्यांवर घर चालवून पाहावं.

पण त्याची किंमतही मोजली गेली. शेतकरी घरात कपड्याला उतरंड असते. नवा कपडा मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला), लग्नाला, जत्रेला. विटला की बाजाराला. विरला की शेतात. अगदी मऊ झाला की बाळुतं, गोधडी, शेवटी पोतेरं. सुती कापड ही उतरंड शेवटपर्यंत उतरतं, कारण ते जुनं होईल तसं पाणी जास्त शोषतं. पॉलिएस्टर मधेच अडकतं. ते पाणी शोषत नाही, म्हणून बाळुतं होत नाही, पोतेरंही होत नाही. म्हणून आज कोकणात परसाभोवती, नाचणीच्या शेताभोवती जुन्या साड्या ताणून बांधलेल्या दिसतात, रानडुकरं आणि गुरं अडवायला. ऊन खाऊन त्यांच्या चिंध्या होतात आणि त्या मातीतच राहतात. कुजत नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाची. वसईच्या फुलवाल्याकडे रोज थोडा पैसा येतो, आंबेवाल्याकडे एप्रिल-मेमध्ये एकदम येतो, नुसतं भात करणाऱ्याकडे जवळजवळ येतच नाही. तिथे कपडा मुंबईहून येई, गणपतीला, चाकरमान्याच्या ट्रंकेतून. आणि तो चाकरमानी गिरणीतच कामाला. म्हणजे फॅशन गावात येत होती ती आपल्याच माणसाच्या हातून. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा कोकणाचा पगार गेला आणि कापड विणणाऱ्याचा चेहराही गेला. आज मॉलमधला शर्ट कोणी शिवला हे आपल्याला किंग्जलींच्या काळातल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त माहीत नाही.

तो शर्ट उलटा करून पाहा. गावचा शिंपी पोराच्या शर्टाला बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड सोडतो, पुढच्या वर्षी उसवून मोठा करायला. तयार शर्टात ते पाव-अर्धा इंच असतं आणि कडेला ओव्हरलॉक मारून कापलेलं. तो वाढवता येत नाही. स्वस्त पडतो, कारण वाचवलेलं कापड कारखानदाराचं आणि पुढच्या वर्षीचा खर्च तुमचा.

आता गावात शिवण गट काढायचे म्हणतात. काढा, पण १८५० च्या चुका टाळा. दर ठरवताना तास धरा. समजा शाळेच्या शर्टाला शिवण, काज-बटण, इस्त्री धरून दीड तास लागतो आणि दर साठ रुपये आहे. तासाला चाळीस पडले, आठ तासांना तीनशेवीस, त्यातून दोरा, वीज, मशीनची दुरुस्ती वजा. आवणीची मजुरी यापेक्षा जास्त असेल तर बाई शेतातच जाणार, आणि शहाणी असेल तर जावंच. गणवेशाची ऑर्डर नेमकी जूनमध्ये येते, आवणीही त्याच सुमारास. २०२४ मध्ये राज्यात शाळांचे गणवेश बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी ती व्यवस्था पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. वेळ आणि मापं, दोन्हींचा घोळ झाला होता.

म्हणून धर्मग्रामाने (पॅरिशने) शाळेची किंवा गायनवृंदाची ऑर्डर द्यायची तर ती फेब्रुवारीत द्यावी आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, नाहीतर गटाचं सगळं भांडवल कापडात अडकतं. मापं मुलांची प्रत्यक्ष घ्यावीत, इयत्तेवरून काढू नयेत. सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावं, कारण पहिल्या धुण्यात ते मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं आणि दोष शिवणारीवर येतो. आणि बाजूच्या शिवणीत दीड इंच सोडायला सांगावं, त्याचं कापड धर्मग्रामाने द्यावं.