मामाचा खांदा आणि बाकीचे सांधे

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘मानवी शरीरातील सांधे : प्रकार, रचना आणि हालचाल’ आणि वेळ दिलाय पाऊण तास. सगळं घेऊ, पण प्रकारांपासून सुरुवात करणार नाहीये मी. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा हे तुम्ही सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. जी गोष्ट मी आयुष्यभर फिजिओथेरपीच्या खोलीत एकेका पेशंटला सांगत आलो, ती आज एवढी माणसं एकत्र बसलीयत तर आधी सांगून घेतो.

सांध्यात हाडाच्या टोकावर एक पांढरं, गुळगुळीत अस्तर असतं, त्याला कूर्चा म्हणायचं. गुडघ्यात ती दोन ते चार मिलिमीटर जाड असते, बास. आणि या कूर्चेत रक्तवाहिनी नसते. एकसुद्धा नाही. मग ती जगते कशावर? तर सांध्यातल्या द्रवावर, आणि तो द्रव तरी किती, चांगल्या निरोगी गुडघ्यात छोटा चमचासुद्धा भरायचा नाही एवढा. पाय टेकला की कूर्चेवर दाब पडतो आणि तिच्यातलं पाणी बाहेर येतं, पाय उचलला की ती स्पंजासारखं ते परत ओढून घेते आणि त्याबरोबर तिचं खाणंही आत जातं. म्हणजे तुम्ही चालता तेव्हा गुडघा जेवतो. आता आमराईत सकाळी फिरणारे कितीतरी लोक गुडघा जरा दुखला की फिरायचंच बंद करतात, घरचेही म्हणतात बसा गप आता वय झालं, आणि तिथून खरी उतरण सुरू होते. सांधा लाल झालाय, गरम लागतोय, सुजलाय, तर डॉक्टरांकडे जायचं, तिथे हट्ट नको. पण नुसता जुना ठणका आहे म्हणून चालणं सोडणं म्हणजे सांध्याचं जेवण बंद करणं, हे मी कितीही वेळा सांगेन.

कूर्चेत मज्जातंतूही नाहीत बरं का. त्यामुळे ती झिजते तेव्हा कळतच नाही, दुखायला लागतं ते आजूबाजूचं अस्तर आणि खालचं हाड.

हलणं थांबलं की सांधा बिघडतो, हे मला पुस्तकापेक्षा माझ्या मामाने जास्त शिकवलं. तासगावकडची द्राक्षबाग. द्राक्षवाल्यांना माहितीय, घडातले जादा मणी काढायची विरळणी म्हणा, घड औषधात बुडवायचं डिपिंग म्हणा, मांडवाखाली दिवसदिवस हात डोक्याच्या वर. मामा पन्नाशी ओलांडलेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उतरताना पडला आणि उजवा खांदा निखळला. खांद्याची गोलाई गेली, वरचं हाड टोकासारखं दिसायला लागलं, खाली खड्डा, आणि हात दुसऱ्या हाताने धरून बसलेला. दवाखान्यात नेलं, तिथे खांदा व्यवस्थित बसवला, एक्सरे काढला, हात झोळीत अडकवला आणि सांगितलं, हात हलवायचा नाही, आराम करा. खांदा बसवण्यात काडीची चूक नव्हती. पण कधीपर्यंत आराम, हे कुणी सांगितलंच नाही! कागदावर लिहिलं नाही, तोंडी सांगितलं नाही. आणि मामा शिस्तीचा माणूस, डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. आंघोळीलासुद्धा झोळी काढायचा नाही. गावातले येणारे-जाणारे सांगायचे, आण्णा हात जपा, मामी घास भरवायला तयार, सगळ्यांनी मिळून त्या खांद्याची इतकी काळजी घेतली की तो जागेवर थिजला.

मी गेलो दिवाळीला. ऑक्टोबर छाटणी उरकलेली आणि मामा बांधावर खुर्ची टाकून बसलेला. मामी त्याला शर्ट घालत होती, चांगला हात आधी बाहीत आणि मग दुखरा हात ओढून, मामा दातओठ खात होता. हे लक्षात ठेवा, घरी कुणाचा खांदा धरला असेल तर घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी, निम्मा त्रास तिथेच वाचतो. मला म्हणाला, "आता काय हात वर जायचा न्हाई बघ, खांदा हलतोय तेवढ्यावर भागवायचं."

आणि खांदा हलत होता, हे त्याचं खरं होतं! मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो, फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, खालच्या टोकावर अंगठा ठेवला आणि म्हटलं, हळू हात वर घे. आपण हात पूर्ण वर नेतो तो साधारण एकशेऐंशी अंश, त्यातले एकशेवीसच्या आसपास खांद्याच्या उखळीतून येतात आणि साठेक अंश फऱ्याच्या सरकण्यातून. सुरुवातीला फरा जवळपास गप्प असतो. मामाचा फरा हात हलवल्या हलवल्या अंगठ्याखालून निसटला. मग कोपर त्याच्या बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून बघितला, तर जागचा हलेना. हात असा बाहेर वळायला अडला की ओळखायचं, खांदा गोठलाय.

का गोठतो? सांध्याभोवती एक पिशवी असते, संधिकोष. खांद्यात ती काखेच्या बाजूला मुद्दाम सैल असते, घडी पडलेली, आणि हात वर नेला की ती घडी उलगडते. महिनोन् महिने उलगडलीच नाही तर ती आखडते, जाड होते. चाळिशीच्या आत खांदा निखळला तर भीती असते परत निखळायची, वय वाढलं की भीती असते आखडायची. म्हणून झोळी किती दिवस हे प्रत्येकाचं वेगळं आणि ते ठरवायचं डॉक्टरांनी, पण विचारायचं आपण. मधुमेह असेल तर काही न होताही खांदा गोठू शकतो, चाळीस ते साठ या वयात जास्त, बायकांना जास्त. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने 1934 साली दिलं, पण ज्या खांद्याने फक्त आराम केला त्याला असं भारी नाव द्यायला माझं मन होत नाही, ते आपण केलेलं असतं.

मामाला वर्षभर लागलं. रोज गरम पाण्याचा शेक, भिंतीवर बोटं चढवणं, काठी दोन्ही हातात धरून चांगल्या हाताने दुखरा हात ढकलणं. मांडवापर्यंत हात पोचला शेवटी, विरळणीही केली. पण धोतराचा कासोटा पाठीमागे खोचायला उजवा हात कधीच गेला नाही.

आता याच्या उलटा पैलवानांचा खांदा. आपला भाग तालमींचा, कुंडलचं कुस्तीचं मैदान कुणाला माहीत नाही? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं. कुस्तीत खांद्यावर जो पिळा पडतो तो तो सांधा कसा सोसतो याचं मला अजून नवल वाटतं, कारण खांद्याची वाटी इतकी उथळ की दंडाच्या हाडाचा गोल एका वेळी तिच्यात फार तर एक तृतीयांश बसतो. हाडं त्याला धरतच नाहीत, धरतात ते भोवतीचे चार स्नायू, रोटेटर कफ. म्हणून तालमीत आधी वर्षानुवर्षं जोर काढून घेतात. आणि सबंध हात धडाला हाडाने जोडलाय तो एकाच ठिकाणी, गळ्याखाली, जिथे कॉलरबोन छातीच्या हाडाला मिळतं. हात लावून बघा, हां, तिथेच. मांडीचा सांधाही उखळीचाच, पण वाटी खोल, त्यामुळे सहसा निखळत नाही आणि तेवढा फिरतही नाही. कुठल्याही सांध्यात हा सौदा असतोच, फिरणं वाढलं की पकड कमी.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. बरं, प्रकार भराभर घेतो.

सुश्रुतसंहितेत दोनशेदहा सांधे मोजलेत, हलणारे आणि स्थिर असे दोन गट केलेत आणि आकारावरून आठ प्रकार, त्यातला उलूखल म्हणजेच आपली उखळ, आणि कवटीच्या सांध्यांना तुन्नसेवनी, म्हणजे शिवण. आजही तीन गट करतात. पहिला तंतूंनी जोडलेले, कवटीचे. बाळाची टाळू आपण तेलाने भरतो ना, तिथे हाडं अजून मिळालेली नसतात, म्हणूनच जन्माच्या वेळी ती एकमेकांवर सरकतात आणि डोकं बाहेर येतं. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. दुसरा गट कूर्चेने जोडलेले, मणक्यांमधल्या चकत्या आणि ओटीपोटापुढचा सांधा, हे थोडेच हलतात. चकत्या दिवसभरात दबतात, त्यामुळे संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटके असतो, खरंच.

तिसरा द्रव असलेले, मघाशी बोललो ते. त्यात बिजागरी म्हणजे कोपर, बोटांचे पेर. खुंटीचा मानेत, पहिला आणि दुसरा मणका, आपण ‘नाही’ म्हणून मान हलवतो ती तिथून, ‘हो’ म्हणतो ती त्याच्या वरच्या सांध्यातून. खोगीर सांधा अंगठ्याच्या बुडाशी, त्याच्यामुळे अंगठा समोरच्या बोटांना भिडतो, भाकरी थापता येते, सुई धरता येते. मनगटात लंबगोल सांधा आणि लहान हाडांमध्ये सरकते सांधे. उखळीचे दोन झालेच. गुडघ्याला लोक बिजागरी म्हणतात पण पाय पूर्ण सरळ होताना शेवटी नडगीचं हाड जरा बाहेर फिरतं आणि गुडघा लॉक होतो, म्हणून आपण न थकता उभे राहू शकतो.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का, हे दरवेळी विचारतात. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पन्नासहून जास्त वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्याची नाही, दोन्ही हात सारखेच निघाले. एका माणसावरून सिद्ध होत नाही, पण भीतीही बाळगू नका.

आणि एक तेवढं ऐका, जत्रेत, बसमध्ये चढताना लहान पोराला एका हाताला धरून उचलू नका. पाच वर्षांच्या आत कोपरातलं हाड भोवतीच्या पट्ट्यातून निसटतं, पोर हात लुळा टाकून रडतं, आईबापाला कळत नाही काय झालं. काखेत धरून उचला. चला, प्रश्न विचारा, गुडघा बदलण्याबद्दलचे आधी घेऊ.